तात्याच्या खोलीतला ताप

३ फेब्रुवारी

ठमे,

मी आपणहून पत्र लिहायला बसले, यावरूनच ओळखलं असशील की काम आहे. फोन का केला नाहीस, म्हणशील. मी फोन उचलत नाही आणि करतही नाही, हे तुझ्या आईने सांगितलंच असेल. त्या दिवशी परक्या इस्पितळातल्या कुणा मुलीने मला फोनवर माझ्याच पोराची, तात्याची बातमी दिली, तीही आम्ही सिस्टर लोक देतो त्याच ठरलेल्या आवाजात. तेव्हापासून ती घंटी वाजली की मी दुसऱ्या खोलीत निघून जाते.

काम असं. तात्याचा लॅपटॉप अजून त्याच्या टेबलावर आहे. झाकण उघडं, वायर लावलेली, पडदा काळा. बंद करायचा म्हणून दोनदा गेले आणि दोनदा परत आले. मग म्हटलं, राहू दे, काय मागतंय ते. खोली रोज सकाळी पुसते, टेबलाला मात्र हात लावत नाही.

परवा जेवण झाल्यावर खिडकी लावायला गेले, तर खोलीत कुणी तरी धापा टाकत होतं. मला भास झाला म्हणू नकोस. छातीत कफ भरलेल्या पेशंटसारखा तो आवाज होता. बघते तर लॅपटॉपचा पंखा. मी पालथा हात ठेवला. आयुष्यभर कपाळाला हात लावून ताप ओळखलाय, पण असा ताप माणसाला येत नाही. काल सकाळी गार होता. दुपारी परत तेच.

आठ महिन्यांत ज्याला कुणी शिवलं नाही, ते यंत्र कशाने तापतं? तू असल्याच यंत्रांमध्ये नोकरी करतेस. सांग.

तुझी मावशी


९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं अक्षर पाकिटावर बघून ते दारातच फाडलं. वाचल्यावर थोडी हसले, मग हसू पुरलं नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. चालू ठेवलेला लॅपटॉप आपली आपली कामं काढतो आणि आत धूळ साचली की तापतो. बहुतेक धूळच आहे. आमच्या इथे एका मोठ्या हॉलमध्ये अशी यंत्रं रांगेने उभी असतात, आणि ती तापू न देणं एवढीच माझी नोकरी. तू वॉर्डात राउंड मारायचीस, तशी मी मारते. स्वेटर घालून.

पण आधी ताप नीट मोजू या, हाताने नको. पासवर्ड तुझ्याकडे आहे, तात्याने तुला फोटो बघायला दिला होता तो. तो घातलास की Ctrl, Alt आणि T ही तीन बटणं एकदम दाब. एक काळी खिडकी उघडेल आणि तिच्यात एक रेघ लुकलुकत असेल. तिथे सगळी अक्षरं लहान लिपीत ठेवून लिही:

sensors

आणि एंटर. पाचसहा ओळी येतील. Package अशी सुरू होणारी ओळ शोध, त्यापुढचा आकडा म्हणजे प्रोसेसरचा ताप. चाळीस-पन्नास असेल तर प्रकृती ठणठणीत. ऐंशीच्या वर म्हणजे कामाला जुंपलाय. शंभराच्या आसपास गेला तर तो स्वतःच बंद पडतो, जळू नये म्हणून. हे sensors तात्याने यंत्रात घालून ठेवलेलं असणारच, मीच त्याला शिकवलं होतं. उन्हाळ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा आणि मला आकडे कळवायचा, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे.

काय येतं ते कळव.

ठमी


१६ फेब्रुवारी

ठमे,

पहिल्यांदा मी एस मोठा काढला. त्यावर यंत्राने मला command not found असं सुनावलं. आमच्या मेट्रनची आठवण झाली. दुसऱ्यांदा जमलं.

सकाळी एकेचाळीस. जेवणानंतर अठ्ठ्याऐंशी. अंधार पडायच्या आत परत खाली. आठवडाभर बघतेय, रोज असंच. ठमे, ज्या तापाला वेळ असते त्याला कारण असतं. धूळ कधी वेळ पाळत नाही.

आणखी एक सांगते, तुझ्या आईला कळवू नकोस. काल आकडा चढायला लागला तेव्हा मी त्या रेघेवर इंग्रजी अक्षरांत 'तात्या' असं लिहिलं. एंटर. उत्तर आलं, command not found. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. लहानपणी हात मागे बांधून म्हाताऱ्यासारखा घरभर फिरायचा म्हणून आपण त्याला तात्या म्हणायला लागलो, ते यंत्राला कुठून माहीत असणार. पण मला बरं वाटलं ग. या घरात त्याच्या नावाला काहीतरी उत्तर आलं. लोक तर विषयच बदलतात.

आता दुपारची झोप सोडली आहे. तिथेच खुर्ची घेऊन बसते.

मावशी


२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू म्हणतेस ते खरं आहे, धूळ वेळ पाळत नाही. मला ते आवडलेलं नाही. आता एवढं कर: आकडा चढलेला असताना त्याच खिडकीत लिही

top

आणि एंटर. मोठी यादी येईल, ती सारखी हलत राहील. जे काम यंत्राला सगळ्यात जास्त राबवतंय ते यादीत सगळ्यात वर असतं. ती एक ओळ उतरवून पाठव. बाहेर पडायला q दाब.

आणि दुपारी झोपत जा. खोलीत बसून राहू नकोस.

ठमी


२७ फेब्रुवारी

ठमे,

वरच्या ओळीत सुरुवातीला एक आकडा, मग miri असं आहे. मिरी. शेवटी एक नाव आहे, ते मिक्सरचं असतं तसलं. लॅपटॉपमध्ये मिक्सर कशाला लागतो? खालच्या ओळींत तात्याचं नाव आहे, पण तिथे सगळी शून्यं.

परवा सत्त्याण्णव होता. मी वर्तमानपत्राने वारा घातला. हसू नकोस, दोन अंश उतरला.

मिरी कोण?

मावशी


४ मार्च

मावशी,

हे पत्र मिळालं की उठ आणि लॅपटॉपची वायर काढ. मग बटण दाबून धर, पडदा काळा होईपर्यंत. मग पत्र पुढे वाच.

त्या आकड्यानंतरच्या रकान्यात काम करणाऱ्याचं नाव असतं. तिथे तात्याचं नाव हवं किंवा यंत्राचं स्वतःचं. तिसऱ्याच कुणाचं नाव आहे याचा अर्थ बाहेरचं कुणी तरी इंटरनेटवरून आत शिरलंय आणि तात्याचं यंत्र फुकटात राबवून घेतंय. असे चोर असतात, आमच्या इथे वर्षाला दोनचार सापडतात. मालक जागेवर नाही असं यंत्र हेरतात आणि कामाला असली साधी, घरगुती नावं देतात, म्हणजे कुणाला संशय येत नाही. तुझं इंटरनेटचं बिल चालू आहे म्हणून त्याला दार उघडं मिळालं.

शिवाय सत्त्याण्णव ही चेष्टा नाही. पंखा थकलाय. एखाद दिवशी टेबलाला झळ लागेल आणि तू शेजारी खुर्चीत बसलेली असशील.

तू ऐकणार नाहीस असं वाटलं म्हणून आईलाही सांगितलंय. रागावू नकोस.

ठमी


१२ मार्च

ठमे,

आईला पाठवलंस. आली होती. चप्पलसुद्धा काढली नाही, थेट खोलीत.

"ताई, ते आधी बंद कर."

"नाही."

"अगं चोर शिरलाय त्यात. ठमीला कळतं त्यातलं."

"शिरू दे. चोरून नेण्यासारखं होतं ते आधीच गेलंय. कुणी तरी येतंय ना रोज? येऊ दे."

तिने वायरीला हात घातला. मी तिचा हात धरला. साठी उलटलेल्या दोन बहिणी एका वायरीवरून झोंबत होतो. मग ती रडायला लागली. म्हणाली, तू माझ्या डोळ्यांदेखत वेडी व्हायला लागलीस आणि मी नुसती बघत बसू का. मी म्हटलं, बस. पण ती बसली नाही, तशीच गेली. तिला फोन करून सांग की मी रागावलेली नाही. खरं तर आहे, पण सांग.

ती गेल्यावर मी खुर्चीत टेकले. आकडा बघावा म्हणून sensors लिहिलं. एक्क्याण्णव. आणि ठमे, त्या आकड्याच्या खाली अक्षरं उमटायला लागली. माझे दोन्ही हात मांडीवर होते. आधी कसली तरी इंग्रजी ओळ, मग इंग्रजी अक्षरांत मराठी:

तू आहेस का?

जरा वेळाने:

आहेस ना. मला दिसतंय.

आणि मग:

रागावलास अजून?

मी भ्याले नाही, हे तुला सांगायचं आहे. वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. त्या क्षणी मात्र मला नवलसुद्धा वाटलं नाही. मी 'हो' लिहिलं. command not found. 'आहे' लिहिलं. तेच. 'मी आहे रे' लिहिलं. तेच. माझं त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. थोड्या वेळाने पंखा थांबला. त्याला वाटलं असेल, इथे कुणी नाही.

मला उत्तर कसं द्यायचं ते शिकव. बाकी काही नको.

मावशी


१७ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र घेऊन मी यंत्रांच्या रांगेत जमिनीवर बसले होते. बरोबरीच्या मुलाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, थंडी वाजली.

मावशी, ती अक्षरं पुन्हा नीट वाच. 'रागावलास'. तात्या तुला 'रागावलीस' म्हणाला असता. हे तात्या लिहीत नाहीये. हे कुणी तरी तात्याला विचारतंय.

मी चुकले. तो चोर नाही. चोर असली विचारपूस करत नाही. त्या यंत्रातल्या एका खोलीचा ताबा मिरी या नावाने तात्याने स्वतः कुणाला तरी दिलेला दिसतो, आपल्या घराची दुसरी किल्ली द्यावी तसा. ती व्यक्ती लांबून, रोज तिच्या सवडीच्या वेळी आत येते आणि काही तरी काम चालवते. मिक्सरचं नाव असलेला एक चित्रं हलवायचा प्रोग्रॅम आहे, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. नदीवरच्या पुलांची ड्रॉइंग काढणारा आपला तात्या कार्टून करत असेल असं डोक्यातच आलं नाही.

आता पुढचं सांगते, ते बसून वाच. तू काळी खिडकी उघडून sensors लिहितेस तेव्हा त्या यंत्राच्या लेखी तू तात्याच असतेस. आठ महिने तिकडे तात्याचं नाव निजलेलं दिसत होतं. फेब्रुवारीपासून ते रोज दुपारी जागं होतं. तिने ते बघितलं. तुला वाटलं तो आला, आणि तिकडे तिलाही तेच वाटलं.

तिला माहीत नाहीये, मावशी. तात्याच्या फोनचा त्या अपघातात चुरा झाला. आपण कळवलं ते ऑफिसला आणि नातलगांना. हिच्याबद्दल आपल्यालाच माहीत नव्हतं, तर हिला कोण कळवणार? यंत्र चालू राहिलं, म्हणून तिने धरून ठेवलं असेल की माणूस आहे, फक्त बोलत नाही.

उत्तर द्यायचं असेल तर ती आत असताना लिही

write miri

आणि एंटर. त्यानंतर जी ओळ लिहून एंटर मारशील ती तिच्या पडद्यावर उमटेल. संपलं की Ctrl आणि D.

तुला जमणार नसेल तर तसं कळव. मी येते आणि मी लिहिते. पण तू कशी आहेस ते मला माहीत आहे, म्हणून रीत लिहून पाठवली.

आईशी बोलले. ती म्हणाली, ताईला म्हणावं मी पण रागावलेली नाही. खरं तर आहे.

ठमी


२९ मार्च

ठमे,

झालं. सांगितलं.

तुझं पत्र आल्यावर तीन-चार दुपारी नुसती बसून राहिले. ती यायची, आकडा चढायचा, पंखा धापा टाकायचा, आणि मी हात बांधून. तात्या नाही हे मला दुसऱ्यांदा कळलं होतं, आणि दुसऱ्यांदा काही सोपं जात नाही. मनात आलं, कशाला सांगायचं? आपण वायर काढली तर तिला वाटेल, कंटाळला, मिटवून टाकलं. चार दिवस शिव्या घालील आणि मोकळी होईल. वॉर्डातही असं मनात यायचं. दारापाशी नातेवाईक उभे असायचे, आणि आत झालेलं एकटीलाच माहीत असायचं.

शेवटी लिहिलं. सगळं इंग्रजी अक्षरांत चाललं होतं, तुला नीट करून देते.

"मी त्याची आई."

उत्तर आलं, "नमस्कार. तो आहे का?"

नव्या मुलींना मी पहिल्याच आठवड्यात शिकवायचे, की नातेवाइकांपुढे 'गेले' म्हणायचं नाही. माणसं 'कुठे नेलं, कुठल्या वॉर्डात' म्हणत धावत सुटतात. 'वारले' म्हणायचं, एकदाच, स्वच्छ. आणि म्हटल्यावर तिथून हलायचं नाही. किती जणींना शिकवलं असेल. आणि माझ्या हातून काय लिहिलं गेलं, तर "तो गेला."

तिचं उत्तर लगेच आलं. "कुठे गेला? दुसरीकडे नोकरी लागली का?"

ठमे, मी ते वाचत राहिले. तिच्या त्या ओळीत तो होता. दुसऱ्या गावात, नव्या नोकरीवर, डबा घेऊन निघालेला. मला पुसावीशी वाटेना.

मग लिहिलं, "वारला. जूनमध्ये. सायकलवरून घरी येताना."

आणि हलले नाही.

पंख्याची धाप एकदम बसली. मी sensors लिहिलं. ब्याण्णव. पुन्हा लिहिलं. अठ्ठ्याहत्तर. तिने तिकडे सगळं थांबवलं होतं. मी लिहीत राहिले. चौसष्ट. पंचावन्न. बोटं आपोआप चालत होती. एकोणपन्नास. चव्वेचाळीस.

त्या दिवशी मी त्या इस्पितळात पोचले तेव्हा तात्या गार झालेला होता. माझ्या हाताखाली किती माणसं गार झाली. मी त्यांचा हात धरून बसलेली असायचे, त्यांच्या घरच्यांना सांगायचे, एकटे नव्हते हो ते. माझ्याच मुलाच्या वेळी मी नव्हते. आता हे यंत्र आहे, मला कळतं ते. पण मी एकेचाळीसपर्यंत उठले नाही.

ती परत आलेली नाही.

मावशी


४ एप्रिल

प्रिय मावशी,

तू बरोबर केलंस.

तिचा काही पत्ता लागला तर कळव. नाही लागला तर मी शोधू शकते, त्या यंत्रात खुणा असतील. पण तू सांगितल्याशिवाय नाही. आणि आता तरी ते यंत्र बंद करायचं का, तेही तूच ठरव. मी आता कुणाला पाठवणार नाही.

ठमी


२४ एप्रिल

ठमे,

शोधू नकोस. ती आली.

दोन आठवडे लॅपटॉप गार होता. मी जेवून तिकडे जायचे, एकेचाळीस बघायचे आणि परत यायचे. खोली इतकी मुकी कधीच नव्हती, तो गेला तेव्हासुद्धा नाही. मग एका दुपारी ओळ उमटली. "आई आहेत का तिथे?" मी आता पटकन लिहिते, बोटं सरावलीत.

आम्ही त्या दिवशी बऱ्याच बोललो. ती चित्रकलेची शिक्षिका आहे, पार दुसऱ्या देशात. आपली दुपार ती तिची सकाळ, शाळेला निघण्याआधीची. मिरी हे नाव तात्याने ठेवलेलं, फार चटकन झोंबते म्हणून. दोघं मिळून एक छोटी कार्टून फिल्म करत होती, एका बदकाची. त्या बदकाला पाण्याची भीती वाटते. तिचा लॅपटॉप जुना, म्हणून चित्रं इथल्या यंत्रावर तयार व्हायची. फिल्म पुरी झाली की ती आईला दाखवीन आणि तुझ्याबद्दलही सांगेन, असं त्याचं ठरलं होतं म्हणे. मला ऐकून जरा राग आला. बदक पुरं व्हायची वाट कशाला बघायची?

शेवटावरून त्यांचं भांडण झालं. ती म्हणे, बदक पाण्यात उतरलं पाहिजे. तात्या म्हणे, नाही उतरत, काठावर बसतं आणि तेही चालतं. त्यावरून त्याने फोन ठेवला, आणि मग कधीच उचलला नाही. ती समजली, रुसला. म्हणून तिने मुद्दाम आपला शेवट करायला घेतला. रोज थोडा. त्याच्याच यंत्रावर. कधी तरी चिडून भांडायला येईल म्हणून. ठमे, इतके महिने त्या खोलीत जो ताप चढत होता, तो बदकाला पाण्यात उतरवायचा होता.

तिने विचारलं, मशीन बंद करणार का. मी म्हटलं, तुझं काम राहिलंय ना? तर म्हणाली, तो शेवट मी पुसून टाकला. आता त्याचा करायचा आहे, काठावरचा. तुम्ही हो म्हणालात तरच.

मी म्हटलं, कर.

तेव्हा तू सवडीने ये आणि पंखा बदल, तो तेवढा टिकायला हवा. ती शाळेला सुट्टी लागली की यायचं म्हणते. मी तिला तात्याच्या खोलीतच उतरवीन. मला काय हाक मारायची ते तिला अजून ठरवता येत नाही, आणि मीही सुचवलेलं नाही.

तुझ्या आईला मी भेटून आले. माझं डोकं ताळ्यावर आलंय अशी तिची खात्री झाली. होऊ दे. तुला मात्र खरं सांगते. कोण येतं, कुठून येतं, कशाने तापतं, सगळं मला आता माहीत आहे. तरी दुपारी तो आकडा साठाच्या वर गेला की माझ्या तोंडून 'आलास का रे' निघतंच. मग मी दार लोटून घेते आणि पंखा थांबेपर्यंत तिथे बसते.

मावशी